एकाच माणसाची अडचण पाहून कुणाला दया येते, तर कुणाला राग. असं का होतं?

बराचसा फरक पडतो तो ‘हे कशामुळे झालं?’ याच्या उत्तराने. नोकरी गेलेला माणूस कामचुकार होता असं धरलं तर राग येतो. कंपनीच बुडाली असं कळलं तर त्यालाच मदत करावीशी वाटते. बर्नार्ड वाइनर या मानसशास्त्रज्ञाने यातला कळीचा मुद्दा मांडला: कारण त्या माणसाच्या हातात होतं का?

गंमत म्हणजे परिस्थिती ढळढळीत दिसत असूनही आपण ती विसरतो. १९६७ साली जोन्स आणि हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना क्युबाचा नेता फिडेल कॅस्ट्रो याच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले. लेखकाला बाजू नेमून दिली होती हे सांगूनही वाचणाऱ्यांना ते बऱ्याच अंशी त्याचंच मत वाटलं!

मूल्यं दोनदा आड येतात. आधी कारण शोधताना: स्वावलंबन मानणाऱ्याला माणसाची चूक पटकन दिसते, समता मानणाऱ्याला व्यवस्थेची. मग कारण ठरल्यावरही. (मला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.) स्किट्का आणि टेटलॉक यांच्या १९९२ च्या अमेरिकी अभ्यासात मदत अपुरी असताना उदारमतवादी आणि पुराणमतवादी दोघांनीही स्वतःच्या चुकीने अडचणीत आलेल्यांना मागे ठेवलं. मदत सगळ्यांना पुरेल इतकी होती, तेव्हा मात्र उदारमतवाद्यांचा कल सर्वांना देण्याकडे होता. पुराणमतवादी ‘दोषीं’ना तेव्हाही नाकारत होते.