घर विंडसरला, नोकरी डेट्रॉइटला : वाचकांचे प्रश्न

कॅनडातलं विंडसर आणि अमेरिकेतलं डेट्रॉइट यांच्यामध्ये फक्त एक नदी आहे. १९२९ सालचा अ‍ॅम्बॅसेडर पूल आणि १९३०चा बोगदा यांवरून रोज सकाळी माणसं कामाला जातात आणि संध्याकाळी परततात. वाहन उद्योगातली मराठी मंडळीही त्यांत आहेत. त्यांच्याकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून आलेले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : मी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा कायम रहिवासी (पीआर) आहे. डेट्रॉइटजवळच्या कंपनीनं नोकरी देऊ केली आहे. मित्र म्हणतो, टीएन सीमेवरच मिळतो, व्हिसा लागत नाही. खरं आहे का?

मित्र कॅनडाचा नागरिक असणार. टीएन म्हणजे ठरावीक व्यवसायांसाठी अमेरिकेत काम करण्याचा तात्पुरता दर्जा, आणि कॅनडातून तो फक्त नागरिकांना मिळतो. पीआर कार्डावर तो मिळत नाही, मग कॅनडात दहा वर्षं काढलेली असोत. तुम्हाला एच-१बीसारखा (अमेरिकी कंपनीच्या अर्जावर मिळणारा कामाचा व्हिसा) मार्ग धरावा लागेल आणि पासपोर्टवर व्हिसाचा शिक्काही घ्यावा लागेल. त्यातही २१ सप्टेंबर २०२५पासून लागू झालेला आदेश आडवा येतो : अमेरिकेबाहेर असलेल्या आणि वैध एच-१बी व्हिसा नसलेल्या माणसासाठी नवा अर्ज करताना कंपनीला एक लाख डॉलर भरावे लागतात. आदेश मुळात वर्षभरासाठीच काढलेला होता, त्यामुळे आजची स्थिती कंपनीच्या वकिलाकडून लेखी घ्या. नागरिकत्व वर्ष-दीड वर्षावर आलं असेल आणि कंपनी थांबायला तयार असेल, तर आमच्या मते थांबावं.

नागरिक झाल्यावर टीएनसाठी पूल किंवा बोगदा, कुठेही अर्ज करता येतो. कॅनडाचा पासपोर्ट, कंपनीचं पत्र, मूळ पदवी, गुणपत्रिका आणि ५० डॉलर शुल्क इतकं लागतं. आय-९४चं (अमेरिकेत प्रवेशाची आणि मुदतीची नोंद) शुल्क वेगळं. मुदत एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षं. अर्ज फसतो तो बहुतेक वेळा पत्रात किंवा पदवीत. पत्रात ठरलेल्या यादीतला व्यवसाय, रोजचं काम, मुदत, पगार आणि त्या कामाला लागणारी पात्रता स्पष्ट हवी. 'इंजिनिअर' लिहिलं आणि पदवी विज्ञान शाखेची निघाली, की अधिकारी तिथेच अडवतो. 'कॉम्प्युटर सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट' लिहून खाली नुसतं प्रोग्रामिंग वर्णन केलं तरी तेच, कारण प्रोग्रामर यादीत नाही. भारतातल्या पदवीचं समकक्षता मूल्यांकन आधीच करून घ्या. तीन वर्षांच्या बीएस्सीला ते जास्तच गरजेचं. अ‍ॅनालिस्टसाठी पदविका आणि तीन वर्षांचा अनुभव चालतो, पण पदविका कॅनडा किंवा अमेरिकेतल्या संस्थेची हवी. पुण्याची चालत नाही.

टीएन मिळाला की आय-९४ ऑनलाइन उघडून नाव, जन्मतारीख, दर्जा आणि मुदत लगेच तपासा. मराठी नावांत मधलं नाव आडनावात घुसण्याचा घोळ नेहमी होतो.

प्रश्न : आठवड्यात तीन दिवस ऑफिसला जातो, दोन दिवस विंडसरच्या घरून काम करतो. कर कुठे भरायचा? पगारातून अमेरिकेत कापला जातो, तेवढ्यानं भागतं ना?

नाही. तुम्ही कॅनडाचे रहिवासी, म्हणून जगभरातलं उत्पन्न कॅनडाच्या विवरणपत्रात दाखवायचं आणि अमेरिकेत भरलेल्या कराची वजावट मागायची (अर्ज टी-२२०९, विंडसर ज्यात येतं त्या ऑन्टारिओ प्रांतासाठी टी-२०३६). अमेरिकेत १०४०-एनआर (तिथे न राहणाऱ्यांचं विवरणपत्र) १५ एप्रिलपर्यंत आणि कॅनडाचं विवरणपत्र ३० एप्रिलपर्यंत, म्हणून आधी अमेरिकेचं पुरं करा. त्यातल्या अंतिम कराचा आकडा कॅनडाच्या विवरणपत्रात लागतो. पगारपत्रकावर कापलेला आकडा तिथे टाकणं ही चूक आहे.

घरून काम करण्यानं मामला गुंततो. अमेरिकेत चालू वर्षातले पूर्ण दिवस, गेल्या वर्षातल्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्याआधीच्या वर्षाचा सहावा हिस्सा यांची बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस भरले, की करापुरते तुम्ही तिथले रहिवासी ठरता. रोज ये-जा करणाऱ्याला यातून सूट आहे, पण कामाच्या ७५ टक्क्यांहून अधिक दिवशी सीमा ओलांडून २४ तासांत घरी परतलात तरच. पाचातले तीन म्हणजे ६० टक्के. सूट गेली! वर्षाला ४८ आठवडे धरले तर १४४ दिवस होतात. तिन्ही वर्षं तशीच गेली असतील तर १४४ अधिक ४८ अधिक २४, म्हणजे २१६.

यावर बरेच जण अर्ज ८८४० (अमेरिकेपेक्षा दुसऱ्या देशाशी जवळचा संबंध असल्याचा दावा) सुचवतात. त्यासाठी वर्षातले दिवस १८३पेक्षा कमी हवेत, ते तुमचे आहेत. पण मुख्य कामाचं ठिकाणही परदेशात असावं लागतं, आणि तुमचं डेट्रॉइटला आहे. त्यापेक्षा दोन देशांतल्या करकराराचं चौथं कलम भक्कम : कायमचं घर फक्त कॅनडात असेल तर तुम्ही कॅनडाचे रहिवासी. हा दावा अर्ज ८८३३ भरून १०४०-एनआरला जोडायचा.

घरून केलेल्या दिवसांचा पगार कॅनडात कमावलेला ठरतो. कंपनी मात्र सगळ्या पगारावर अमेरिकेचा कर कापत राहते. त्या हिश्शावरचा कर अमेरिकेकडूनच परत मागावा लागतो; कॅनडा त्याची वजावट देत नाही, कारण अमेरिकेला तो घेण्याचा हक्कच नव्हता. म्हणून कोणत्या दिवशी कुठून काम केलं, याची तारीखवार वही ठेवा आणि कंपनीकडून दिवसांच्या विभागणीचं पत्र घ्या. घरून काम करू देणाऱ्या कंपनीवर कॅनडात पगारकपातीची जबाबदारी येऊ शकते, हे तिच्या लेखा विभागाला आधीच सांगा.

मिशिगन राज्याचा ४.२५ टक्के कर वेगळा. काम डेट्रॉइट शहराच्या हद्दीत असेल तर बाहेर राहणाऱ्यांना शहराचा १.२ टक्के कर आहे; ट्रॉय किंवा ऑबर्न हिल्सला तो नाही. अमेरिकेतल्या सोशल सिक्युरिटी (पेन्शन योजना, ६.२ टक्के) आणि मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्य विमा, १.४५ टक्के) यांची कपातही कॅनडात परदेशी कर म्हणून धरता येते. पुष्कळ जण हे विसरतात आणि हजारो डॉलर सोडून देतात.

एवढं करूनही ऑन्टारिओचा कर सहसा जास्त भरतो, म्हणून एप्रिलअखेर मोठी रक्कम निघते. ती यंदा आणि मागच्या दोनपैकी एका वर्षी ३,००० डॉलरच्या वर गेली, की मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या १५ तारखेला हप्ते भरावे लागतात. चुकलात तर व्याज. कंपनीच्या ४०१(के) या निवृत्ती योजनेत पैसे टाकत असाल तर कॅनडात त्याची वजावट अर्ज आरसी-२६८ने मिळते. मात्र तेवढी आरआरएसपीची (कॅनडातली निवृत्ती बचत योजना) मर्यादा कमी होते.

प्रश्न : नेक्सस कार्ड घेतलं तर रोजची रांग वाचेल का? आणि डब्यात काय चालतं?

वाचते. नेक्सस म्हणजे आधी तपासणी झालेल्या प्रवाशांना सीमेवर वेगळी, झटपट रांग देणारं कार्ड. ते पाच वर्षांचं, शुल्क १२० अमेरिकन डॉलर. अट एकच, आणि तीच लोक मोडतात : गाडीतल्या प्रत्येकाकडे कार्ड हवं. कार्ड नसलेल्या सहकाऱ्याला सोबत घेतलंत तर साध्या रांगेतून जा. कार्ड म्हणजे कामाचा परवाना नव्हे. पासपोर्ट आणि टीएनचे कागद गाडीत हवेतच.

शिजवलेली भाजी-पोळी, वरण-भात यांना सहसा कोणी हरकत घेत नाही. अडचण कच्च्या मालाची. ताज्या कडीपत्त्याला बंदी आहे, कारण लिंबूवर्गीय झाडांवर रोग पसरवणारा किडा त्यावर जगतो. फोडणीत तळला गेलेला कडीपत्ता चालतो. डब्याशेजारचं संत्रं, आंबा, लिंबाची फोड घरीच ठेवा. विचारलं तर सगळं सांगायचं. न सांगितलेल्या एका फळापायी नेक्सस रद्द होऊ शकतो.

परतताना लक्षात ठेवा, २४ तासांच्या आत कॅनडात येणाऱ्याला करमुक्त खरेदीची सवलत शून्य आहे. २४ तासांनंतर ती २०० आणि ४८ तासांनंतर ८०० कॅनेडियन डॉलर.

प्रश्न : गाडीचा विमा ऑन्टारिओचा आहे. पुरेल?

रोजच्या प्रवासाबद्दल विमा कंपनीला सांगितलं नसेल तर नाही. बाहेरची गाडी एका वर्षात ३० दिवसांपेक्षा जास्त मिशिगनमध्ये चालवली, तर तिथल्या नो-फॉल्ट कायद्याचं (चूक कोणाचीही असो, आपल्या जखमांचा खर्च आपलीच विमा कंपनी देते) संरक्षण सक्तीचं होतं. तुम्ही ते दिवस फेब्रुवारीतच ओलांडाल. रोज सीमा ओलांडून कामाला जाता हे पॉलिसीवर नोंदवून घ्या आणि नो-फॉल्ट लागू असल्याचं पत्र मागा. हप्ता वाढेल, वाढू द्या.

प्रश्न : मुलगा विंडसरला पीआरवर आहे, एच-१बीवर डेट्रॉइटला रोज जातो. नागरिकत्वासाठी त्याचे दिवस बुडतात का? — एक वाचक, नाशिक

नाही, ताई. नागरिकत्वासाठी पाच वर्षांत १,०९५ दिवस कॅनडात हवेत. सकाळी जाऊन त्याच दिवशी परत आलेला दिवस पूर्ण मोजला जातो. मुक्काम पडला तर जाण्याचा आणि येण्याचा दिवस धरतात, मधले जातात. महिनाभर नाशिकला आला तरी हिशेब हाच. ऑन्टारिओच्या आरोग्य विम्यालाही अडचण नाही, तिथे १२ महिन्यांत १५३ दिवस पुरतात.

एच-१बीचं गणित उलटं आहे. सहा वर्षांच्या मर्यादेतून वजा होतात ते फक्त पूर्ण २४ तास अमेरिकेबाहेर काढलेले दिवस. म्हणजे शनिवार-रविवार परत मिळू शकतात, कामाचे दिवस नाहीत, रात्री घरी झोपला तरी. आणि नागरिकत्वाच्या अर्जात एका दिवसाच्या फेऱ्याही लिहाव्या लागतात. दोन्ही देश जमिनीवरच्या प्रवेशांची माहिती एकमेकांना देतात, त्यामुळे राहून गेलेली फेरी त्यांच्या नोंदीत असतेच. त्याला आजपासूनच तारखा लिहून ठेवायला सांगा, पाच वर्षांनी आठवत बसण्यापेक्षा ते सोपं.