नेम ९५ टक्के, तरी चुकला

“मॅडम, हा दिवसभर त्या गेममध्येच असतो.”

गेल्या काही वर्षांत समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की पुढचं आता मीच म्हणू शकेन. जेवायला हाक मारली की ‘दोन मिनिटं’, दोन मिनिटांचा होतो दीड तास, लॅपटॉप काढून घेतला की घरात आदळआपट. पालक तास सांगतात. कुणी सहा, कुणी आठ. एका आजोबांनी तर नातवाच्या वेळा वहीत टिपून आणल्या होत्या. मी विचारते, “कोणता गेम?” तिथे बहुतेकांची गाडी अडते. “तेच ते, बंदुकांचं काहीतरी.”

मुलगा मैदानावर असतो म्हटलं तर क्रिकेट की कबड्डी हे आपण विचारतोच. पडद्यावरचा खेळ मात्र सगळा एकच, असं धरून चालतो.

आणि ‘व्यसन’ हा शब्द तर दारातच येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे हे खरं. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. पण तिथे तासांचा आकडाच नाही. तिथे विचारलंय ते वेगळंच: खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळं आयुष्य मागे पडलंय का, नुकसान समोर दिसत असूनही खेळ वाढतोय का, आणि हे साधारण वर्षभर चाललंय का. असं दिसलं की मी वेळ घालवत नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. माझ्या अनुभवात बरीच मुलं या टोकाला नसतात. त्यांच्यातल्याच एकाची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नाव मुद्दाम देत नाही.

मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वडील सरकारी कचेरीत लेखा विभागात, हिशेबाला पक्के. पहिल्या भेटीत ते बोलले आणि मुलगा माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला. मी वेळापत्रक करून दिलं: अभ्यास इतका, गेम इतका. पुढच्या वेळी तो ते पाळून आला. त्याच्या पुढच्या वेळी पाळल्याचं खोटं सांगून आला. त्या बैठका वाया गेल्या, हे कबूल करते. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, “लॅपटॉप घेऊन ये. मला शिकव.”

तो खेळत होता ‘एक्सकॉम २’. हा २०१६ सालचा गेम. पृथ्वीवर परग्रहवासीयांचं राज्य येऊन वीस वर्षं झालेली, आणि आपण उरल्यासुरल्या बंडखोरांची छोटी तुकडी चालवायची. आधी आपल्या खेळ्या, मग शत्रूच्या. बुद्धिबळासारखं, घाई नाही. फरक इतकाच की बुद्धिबळात घोड्याने प्यादं मारलं की ते मेलंच. इथे आपण नेम धरला की पडद्यावर टक्के दिसतात, नेम लागण्याची शक्यता किती ते. आणि शिपाई मेला की कायमचा गेला. त्याची तसबीर स्मारकाच्या भिंतीवर लागते.

“मॅडम, हे बघा. पंच्याण्णव टक्के.” त्याने बटण दाबलं. गोळी बाजूने गेली.

“हे कसं काय?” मी विचारलं. मला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

“पंच्याण्णव म्हणजे शंभर नाही ना.” तो पहिल्यांदा हसला. “प्रत्येक नेम पंच्याण्णवचा असला, तरी सलग वीस लागण्याची शक्यता छत्तीस टक्केच. गणित आहे. लोक उगाच गेमला शिव्या देतात. उलट सोप्या पातळ्यांवर गेमच गुपचूप आपल्या बाजूने झुकतो. सगळ्यात अवघड पातळीवर तेवढी मेहेरबानी नसते.”

इतका स्वच्छ विचार करणारा मुलगा. मी विचारलं, “मग आता हा चुकलेला शिपाई?”

“आता?” त्याचा हात तोवर कीबोर्डवर गेला होता. त्याने मागचा सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला खेळ, उघडला. चूक झालीच नव्हती.

त्यानंतर त्याने मला एक बारकावा दाखवला, आणि माझ्या दृष्टीने सगळी केस त्यातच होती. नुसता सेव्ह उघडून तोच नेम पुन्हा धरला तर पुन्हा चुकतो, कारण फासे आधीच पडलेले असतात आणि सेव्हमध्ये तेही साठवलेले असतात. म्हणून क्रम बदलायचा. आधी दुसऱ्या, कमी महत्त्वाच्या शिपायाला गोळी झाडायला लावायची. वाईट फासा त्याच्या वाट्याला जातो आणि आपला मुख्य माणूस सुटतो.

“म्हणजे चूक होणारच आहे हे तुला ठाऊक आहे,” मी म्हटलं. “फक्त ती कुणाच्या नावावर मांडायची एवढंच तू बघतोस.”

तो गप्प झाला. मीही काही बोलले नाही. समुपदेशकाला शांतता सोसता आली पाहिजे. मला ती यायला दहा वर्षं लागली.

मग त्याने सांगितलं. दहावीला त्याला ९५ टक्के होते. पेढे वाटून झाल्यावर बाबांनी गुणपत्रिका हातात घेतली आणि विचारलं, “पाच कुठे गेले?” गंमतीतच. घरी अजूनही हा किस्सा हसून सांगतात. आणि आता त्याला दोन विषयांत केटी लागली होती, म्हणजे त्या विषयांत तो नापास झाला होता. निकाल लागून चार महिने झाले होते. घरी माहीत नव्हतं.

मी ज्या विचारसरणीत तयार झाले ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची. महाराष्ट्रात ती ‘विवेकनिष्ठ’ म्हणून बऱ्याच जणांना ओळखीची आहे. एलिसचं सगळं तत्त्वज्ञान मराठीत एका अक्षरात मावतं, असं मी नेहमी म्हणते. ते अक्षर ‘च’. मला चांगले गुण मिळावेत, ही इच्छा. मला चांगले गुण मिळालेच पाहिजेत, हा हट्ट. इच्छा मोडली की माणूस खट्टू होतो आणि जेवतो. हट्ट मोडला की तो लपतो. माझ्यासमोरचा मुलगा गेममध्ये लपला होता असं सगळे म्हणत होते. माझं मत वेगळं होतं. लपण्याची कला तो घरी शिकला होता, गेममध्ये फक्त तिचा सराव करत होता.

मग तास कमी करून काय साधणार होतं?

मी त्याला घरचा अभ्यास दिला तो ऐकून माझ्या एका सहकारी मैत्रिणीने कपाळावर हात मारला. या गेममध्ये ‘आयर्नमॅन’ नावाचा एक पर्याय आहे. एकच सेव्ह, तोही गेम स्वतःच करणार. मागे जाणं नाही. मी म्हटलं, “नवी मोहीम आयर्नमॅनवर सुरू कर. अवघड पातळी नको. आणि शिपायांची नावं तू नेहमी ठेवतोस तीच ठेव.”

नावांचं सांगायचं राहिलं. या खेळात शिपायांना आपल्या माणसांची नावं द्यायची पद्धत खेळाडूंमध्ये सर्रास आहे. ह्याच्या तुकडीत आई, आजी, बाबा, दोन मित्र आणि शेजारचा कुत्रा. आजी औषधोपचारवाली. बाबा ग्रेनेडियर, म्हणजे हातगोळे फेकणारे. “बाबांना पुढे नेत नाही मी,” तो म्हणाला. “ते मेले तर तीन-तीन तास मागे जाऊन खेळतो.”

नवव्या दिवशी रात्री सव्वाअकराला माझ्या फोनवर संदेश आला. ‘मॅडम, बाबा गेले.’

माझा श्वास अडकला. मी फोन लावायला घेतला तेवढ्यात दुसरा संदेश. ‘गेममध्ये. सॉरी. आयर्नमॅन आहे. काहीच करता येत नाहीये.’

मी लिहिलं, ‘मग आता काय करतोस?’

‘लॅपटॉप बंद केला. जेवतो.’

हसू नका, पण त्या एका शब्दावर मी बराच वेळ बघत बसले होते. जेवतो. दोन दिवसांनी त्याने वडिलांना केटीचं सांगितलं. घर डोक्यावर घेतलं गेलं नाही असं नाही. आठवडाभर वडील त्याच्याशी बोलले नाहीत, आणि तो आठवडा सगळ्यांनाच जड गेला. पण मोहीम त्याने सोडली नाही. बाबांची तसबीर भिंतीवर, आणि आजी पुढे.

इथे मॉडिंगची गोष्ट येते. मॉड म्हणजे मूळ गेममध्ये खेळाडूंनी स्वतः केलेले फेरफार. कुणी नवा शत्रू घालतो, कुणी बंदुकीचे आकडे बदलतो, कुणी सगळा खेळच उलटापालटा करतो. याच्या आधीच्या, २०१२ सालच्या एक्सकॉमवर काही हौशी मंडळींनी ‘लाँग वॉर’ नावाचा असा प्रचंड मॉड केला. कंपनीने मॉडसाठी सोयीची साधनं दिली नव्हती, तेव्हा. पुढे ‘एक्सकॉम २’ बाजारात आला त्या दिवसासाठी मॉड करायचं काम कंपनीने याच मंडळींना दिलं. हे त्या मुलानेच मला सांगितलं, डोळे चमकवत.

पालकांना मी ही गोष्ट सांगते, पण जपून. ‘यातच करिअर आहे हो’ असं म्हटलं की त्यांचे चेहरे उजळतात आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या छंदालाही ‘च’ लागतो. मॉड केलाच पाहिजे, त्यातून पैसे आलेच पाहिजेत. नको. मला मॉडिंग आवडतं ते वेगळ्या कारणासाठी. तिथे चूक दडवता येत नाही. एक स्वल्पविराम राहिला तरी मॉड चालत नाही, आणि तो शोधावा लागतो. जो मुलगा गेममधली चूक पुसून टाकत होता, तोच मॉडमधली चूक रात्री दोनपर्यंत शोधत बसायचा. हे त्याच्या लक्षात आणून देणं, माझं काम तेवढंच.

तो करत होता आवाजांचा मॉड. शिपाई हलला, लपला, नेम लागला, चुकला, घाबरला, प्रत्येक प्रसंगाला वेगळी ध्वनिफीत लागते. आजीचं ध्वनिमुद्रण आधीच झालं होतं. जखमीवर उपचार करताना ती म्हणते, “बघू, कुठे लागलं?” ग्रेनेडियरचा आवाज राहिला होता.

वडिलांना मी बोलावलं ते तासाभराच्या उपदेशाच्या तयारीनेच आले होते. मुलाने माइक पुढे केला. “बाबा, नेम चुकल्यावर तुम्ही काय म्हणाल ते बोला.”

वडील सहज म्हणाले, “लक्ष कुठे आहे?”

मुलगा हसला नाही. “हे नको. हे सारखं सारखं वाजणार आहे.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेपरवेटकडे पाहिलं. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, “असं कसं झालं?” आणि स्वतःच मान हलवली. मग चष्मा काढून पुसला. चांगला मिनिटभर. तिसऱ्या वेळी आवाज खाली आला होता: “जाऊ दे. पुढचा बघ.”

“हे घेतो,” मुलगा म्हणाला.

तीस बैठकांच्या पुण्याईने जे होत नाही ते कधीकधी एका माइकने होतं. अर्थात माइक कधी पुढे करायचा हे कळायला त्या बैठका लागतात, एवढं श्रेय मी स्वतःकडे ठेवते.

ज्यांच्या घरी हेच चाललंय त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. हे आळीपाळीचे गेम एकट्याने खेळत असाल तर थांबतात. ऑनलाइन सामन्यात समोर माणसं ताटकळलेली असतात, तिथे ‘आत्ता उठता येत नाही’ यात तथ्य असतं, इथे नसतं. खेळी पूर्ण करून सेव्ह करून उठता येतं, आणि तेवढं मुलाला खुशाल सुनवा. पण वायर ओढू नका, तेवढी एक खेळी संपवू द्या. उलट बाजूही आहे. घड्याळ नसल्यामुळे ‘अजून एकच’ला अंत नाही, म्हणून बोली तासांवर न करता मिशनवर, म्हणजे मोहिमेतल्या एकेका कामगिरीवर करावी. रात्री एक मिशन, बस्स. ‘लाँग वॉर’सारखी मोहीम संपायला शंभरावर तास लागतात, ‘संपू दे मग अभ्यास करतो’ या वायद्यावर विसंबू नका.

आणि शेजारी बसा. शिकायचा आव आणू नका, मुलांना तो ताबडतोब कळतो. फक्त नेम चुकल्यावर मूल काय करतं ते बघा. मागे जातं, गेमला शिव्या देतं, की उरलेल्यांना घेऊन पुढची खेळी शोधतं? माझा अनुभव असा, की तेच मूल निकालाच्या दिवशीही साधारण तसंच वागतं. चुकल्यावर दर वेळी मागेच जात असेल, तर गेमवर चिडण्याआधी घरातल्या ‘पाच कुठे गेले’चा शोध घ्या. सापडतो. माझ्याही घरी सापडला होता, पण ती गोष्ट माझ्या मुलीची आहे, तिला विचारल्याशिवाय सांगणार नाही.

केटीचे पेपर हिवाळ्यात झाले. निकालाच्या दिवशी मुलाआधी वडिलांचाच फोन आला.

“मॅडम, एक राहिला.”

मी काही बोलणार तेवढ्यात पलीकडून पुन्हा आवाज आला, जरा घाईने. “म्हणजे, एक सुटला.”