‘तेव्हा पार्ल्यात मिळत होतं’

‘आणि मॅडम, एरियाच चुकला तर?’

हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्या वेळा ऐकू येतं की समोरचा माणूस ‘घर बघतोय आम्ही’ म्हणाला की मी त्याची वाटच पाहते. जोडपी बहुतेक तिशीतली असतात. दोघांची नोकरी, डाउन पेमेंटपुरती पुंजी जमलेली. येतात ते झोप लागत नाही म्हणून, नाहीतर दर रविवारी भांडण होतं म्हणून. थोडं खणलं की खाली ठाणे की बोरिवली, डोंबिवली की मीरा रोड. (वेस्टर्न लाइन की सेंट्रल, हा प्रश्न मुंबईत लग्नाआधीच विचारून घ्यावा. पत्रिकेपेक्षा जास्त उपयोगी पडेल.)

अशा अनेकांच्या वतीने मंदार आणि शलाकाची गोष्ट सांगते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तो अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत, ती फोर्टला बँकेत. मुलगी चार वर्षांची. राहतात मुलुंडला, भाड्याने. त्याचे आईवडील डोंबिवलीत.

‘किती घरं पाहिलीत?’

‘एकेचाळीस,’ मंदार म्हणाला.

‘त्रेचाळीस. भाईंदरची दोन तू धरतच नाहीस,’ शलाका म्हणाली.

बावीस महिने हे चाललं होतं. मंदारने लॅपटॉप उघडून एक्सेल दाखवलं. मी घरं पाहिली नाहीत, फक्त वरची ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. तो वाचत गेला: दर चौरस फूट, कार्पेट, मजला, पार्किंग, जिम, बिल्डरचं नाव, पाच वर्षांत भाव किती वाढेल. सगळे मिळून सतरा रकाने.

शलाका शांतपणे म्हणाली, ‘यात मी सकाळी किती वाजता निघणार, ते कुठेच नाहीये.’

मंदारला वाईट वाटलं, पण दोष त्याचा नव्हता. घराच्या जाहिराती जे विचारायला शिकवतात तेच आपण विचारत बसतो.

माझा कल विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे. तिचा गाभा घरबसल्या करता येतो: ‘हवंच’ आणि ‘असेल तर बरं’ या दोन शब्दांतलं अंतर ओळखणं. दोघांना वेगवेगळ्या कागदांवर घराबद्दलचे ‘हवंच’ लिहायला सांगितले. त्याचे अकरा निघाले, तिचे नऊ.

‘पार्किंग हवंच?’

‘हो.’

‘गाडी कोणती आहे?’

‘गाडी नाहीये अजून.’

अशाने यादी खाली येते. नियम एवढाच, की प्रत्येकाने तीनच ‘हवंच’ ठेवायचे आणि का ते एका वाक्यात सांगायचं. शलाकाचे तीन पंधरा मिनिटांत ठरले: स्टेशनला चालत जाता यावं, मुलीला सांभाळायला माणूस असावं, पाणी विकत घ्यावं लागू नये. मंदारचं मात्र एकच वाक्य फिरून फिरून येत होतं, ‘पुढे पस्तावायला नको.’

हे घराचं लक्षण नव्हे. ही भीती कुठून तरी आणलेली असते. मी विचारलं, ‘तुमच्या घरात कोण पस्तावलंय?’

‘बाबा,’ तो लगेच म्हणाला. ‘नव्वद साली डोंबिवलीत घेतलं. थोडी ओढाताण केली असती तर पार्ल्यात मिळत होतं. अजून सांगतात. प्रत्येक दिवाळीला.’

पुढच्या वेळी मी काकांना बोलावलं. जोडप्याच्या कामात वडिलांना आणावं की नाही यावर माझ्या व्यवसायात दोन मतं आहेत. माझं मत असं, की ज्याचं वाक्य मुलाच्या डोक्यात वाजत असतं, त्याच्याकडून ते एकदा प्रत्यक्ष ऐकावं.

‘काका, डोंबिवलीत पस्तीस वर्षं कशी गेली?’

‘मजेत गेली की. शाळा जवळ, नाट्यगृह जवळ, शेजार चांगला. गाडीला गर्दी, ती कुठे नसते?’

‘आणि पार्ल्याचं?’

काका हसले. ‘अहो, ते बोलायचं असतं.’

मंदार त्यांच्याकडे बघतच राहिला. खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही आणि मीही ती शांतता मोडली नाही. तीस वर्षं ज्याला तो वडिलांची जखम समजत होता, तो त्यांचा चार माणसांत सांगायचा किस्सा होता. पस्तावा एरियात नसतो, स्वतःला सांगितलेल्या वाक्यात असतो, हे मी त्याला दहा बैठकांत समजावू शकले नसते. काकांनी चार शब्दांत केलं. त्यांना बोलावण्याचा निर्णय मात्र माझा होता, एवढं श्रेय मी घेते.

भीती उतरली की हिशेब जमतात. या पायरीवर मी बरीच रेंगाळते, कारण चुकीच्या एरियाची भीती घालवून माणूस चुकीच्या घरात पडला तर मी काय साधलं?

आधी पैसे. दोघांचा हातात येणारा पगार मिळून दीड लाख. हप्ता एक तृतीयांशाच्या वर नको, म्हणजे ५० हजार. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जाला दर लाखामागे साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणजे कर्ज साडेसत्तावन्न लाखांच्या आसपास. साठवलेले २८ लाख मिळून ८५ लाख. इथे बहुतेक जण थांबतात आणि ८५ लाखांची घरं बघायला लागतात. पण मुद्रांक शुल्क मुंबई महापालिकेच्या हद्दीत ६ टक्के आणि चेकनाका ओलांडून ठाण्यात गेलं की ७. घर फक्त बाईच्या नावे असेल तर एक टक्का सवलत, नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. नोंदणी ३० हजार, दलाली, सोसायटीचं हस्तांतर शुल्क (शहरी भागात कमाल २५ हजार, जास्त मागितलं तर नियम दाखवावा), रंगकाम, गळतीची दुरुस्ती, आणि चार हप्ते तरी बाजूला. मंदारच्या एक्सेलमधलं ९० लाखांचं बजेट खरं तर ७५ लाखांचं होतं. त्रेचाळीसपैकी एकोणतीस घरं तिथेच गळाली आणि रविवारची निम्मी भांडणंही. रीसेल घर ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. हे दलाल सांगायला विसरतो आणि नोटीस वर्षाने येते.

मेंटेनन्सकडे लोक चिल्लर म्हणून बघतात. घोडबंदरच्या एका टॉवरमध्ये तो महिना ६ हजार होता. ६ हजार म्हणजे जवळजवळ सात लाखांच्या कर्जाचा हप्ता, आणि कर्ज वीस वर्षांत फिटतं, मेंटेनन्स फिटत नाही.

मग वेळ. ‘स्टेशन वीस मिनिटं’ हे जाहिरातीतलं वाक्य रविवारी दुपारी खरं असतं. मी सगळ्यांना हेच सांगते: आवडलेल्या भागात नातेवाईक असेल तर पाच कामाचे दिवस तिथे राहा आणि दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत घड्याळ लिहा. शलाका घोडबंदर रोडवर कासारवडवलीला मावसबहिणीकडे राहिली. तिचा बुधवारचा कागद असा होता:

७:२० लिफ्ट. ७:३८ बस मिळाली. ८:३० ठाणे स्टेशन. ८:४१ ची फास्ट सोडली, पाय ठेवायला जागा नव्हती. ८:५२ ची मिळाली. ९:४६ सीएसएमटी. ९:५८ खुर्ची.

दोन तास अडतीस मिनिटं. पाच दिवसांची सरासरी सव्वादोन तास आली. स्टेशनच्या पलीकडे, ठाणे पूर्वेला कोपरीत, असंच मोजलं तेव्हा दीड तास. ठाण्याहून सुटणारी स्लो असते, त्यात कधीकधी बसायलाही मिळतं. फरक दिवसाला नव्वद मिनिटं, वर्षाला अडीचशे दिवस धरले तर ३७५ तास. एक जास्तीची खोली विरुद्ध दर वर्षी पंधरा अख्खे दिवस, असा हा सौदा. तो वाईटच असतो असं नाही. घरून काम करणाऱ्याने खोली घ्यावी. पण सौदा आहे हे माहीत असावं, आणि ज्याचे तास जाणार त्याचं मत जड धरावं.

मंदार म्हणाला, ‘पण घोडबंदरला मेट्रो येणार आहे.’

येणार आहेच. पण वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोचं भूमिपूजन २००६ मध्ये झालं आणि पहिली गाडी धावली जून २०१४ मध्ये. मार्ग जेमतेम साडेअकरा किलोमीटरचा. आज धावते त्या गाडीचे पैसे द्या, उद्याची मिळाली तर वरकड. ठाण्यात राहिलं तर मंदारच्या रोजच्या वाटेत हीच धावती मेट्रो येत होती: ठाण्याहून घाटकोपर, तिथून चकाला. म्हणजे सेंट्रलवर राहून अंधेरी गाठणं आता दादरचा पूल चढून लाइन बदलण्यावर अवलंबून राहिलेलं नाही. वेस्टर्नच हवं, या हट्टातली हवा इथे गेली.

पाणी विचारताना ‘पाणी आहे ना?’ असं विचारू नये, उत्तर ‘हो’च येतं. किती वाजता येतं, किती वेळ येतं, हे तळमजल्यावरच्या बाईंना विचारावं. त्याहून चांगलं म्हणजे सोसायटीचा दोन वर्षांचा ताळेबंद मागावा आणि त्यात टँकरची ओळ शोधावी. वसई-विरारपासून घोडबंदरपर्यंत कित्येक सोसायट्यांच्या ताळेबंदात ती सापडते. मीरा रोडचं त्यांना आवडलेलं घर त्या ओळीनेच बाद झालं.

पावसाचंही तसंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तो दिवस सगळ्यांना आठवतो. पण घर घेताना आठवायचा तो दरवर्षीचा साधा पाऊस. जुलैमध्ये, साडेचार मीटरच्या वर भरती असेल त्या दिवशी जाऊन बघावं. ते जमणार नसेल तर जिन्याखालचे वीजमीटर कुठे बसवलेत ते पाहावं. छातीएवढ्या उंचीवर सरकवलेला मीटरबोर्ड आणि तळमजल्याच्या भिंतीवरची आडवी रेघ वॉचमनपेक्षा खरं बोलतात. बदलापूर-वांगणी पट्ट्यात घेणाऱ्याने उल्हास नदीपासूनचं अंतर विचारावं. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली होती, तो हाच पट्टा.

कागदांचं थोडक्यात सांगते, त्यासाठी वकील असतो. बांधकाम चालू असेल तर महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून पूर्णत्वाची तारीख बघायची. ब्रोशरमधली तारीख वेगळी असू शकते. नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम द्यायची नाही, कायद्याने बिल्डरला ती घेताही येत नाही. रीसेल असेल तर ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), आधीच्या सगळ्या खरेदीचे करारनामे, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद), आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का. करारांच्या साखळीतला एक कागद हरवलेला असला तर बँक अडते, आणि तोवर बयाणा दिलेला असतो. तीस वर्षांवरच्या इमारतीत स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागायचा. ‘रीडेव्हलपमेंटला जाणार आहे’ या वाक्याचे जास्तीचे पैसे द्यायचे नाहीत. सोसायटीचा विकसकाशी करार नोंदवला गेलाय का, एवढंच विचारायचं.

त्यांनी कोपरीत घेतलं. वन बीएचके, सव्वीस वर्षांची इमारत, ओसी आहे, लिफ्ट लहान, पार्किंग नाही. स्टेशनला अकरा मिनिटं चालत. मुलीला दुपारी सांभाळायला आजी तीन दिवस डोंबिवलीहून येते, दोन दिवस पाळणाघर. मंदारला दुसरी बेडरूम अजून हवीशी वाटते आणि तसं तो म्हणतो. हवीशी वाटणं काढून टाकायचं नसतंच. ‘हवीच होती’ म्हणून रात्री दोनला उठून बसणं तेवढं थांबलं.

वास्तुशांतीनंतर त्याचा मेसेज आला: ‘बाबा पाहुण्यांना सांगत होते, छान आहे हो, पण खरं तर मुलुंडला मिळत होतं. मी आणि शलाका एकमेकांकडे बघून हसत सुटलो.’

शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं का, असं मी उलट विचारलं. नव्हतं चढलं.