फराळाचे फोटो आणि चाळीतली एकच खिडकी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. परळला चाळीत दहा बाय बाराची खोली, मागे उत्तरेला एकच खिडकी आणि तिच्यासमोर दुसरी इमारत. दिवाळीच्या ऑर्डरींसाठी रिंगलाइट लावून फोटो काढलेत, तर बेसनाचा लाडू पिवळ्या टिकलीसारखा चपटा दिसतोय. एवढ्या अंधाऱ्या खोलीत खिडकीच्या उजेडावर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. भागेल, आणि छान भागेल. चौदा वर्षं मी घरच्या खिडकीशी भांडी, फळं, फराळ मांडून फोटो काढते आहे. त्यातली पहिली सहा वर्षं गिरगावात तुमच्यासारख्याच खोलीत गेली.

लाडू चपटा का दिसतो ते आधी सांगते. रिंगलाइट मोबाइलच्या भोवती असतो, त्यामुळे सावली सगळी लाडवाच्या पाठीमागे लपते. वस्तू गोल आहे हे डोळ्याला सावलीवरूनच कळतं. तुमच्या खोलीत उजेड कमी नाही, फोटोत सावली कमी पडतेय. म्हणून पहिलं काम म्हणजे ट्यूब, देवघरातला दिवा, टीव्ही, सगळं बंद करायचं. खोली काळोखी झाली तरी चालेल. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड रंगाने वेगळे असतात. दोन्ही एकत्र आले की लाडवाच्या एका अंगाला निळसर आणि दुसऱ्या अंगाला हिरवट-पिवळट छटा येते, आणि ती नंतर कुठल्याही अ‍ॅपमध्ये नीट निघत नाही.

काल सकाळी तुमच्यासाठी म्हणून मुद्दाम मांडून पाहिलं. खिडकीच्या कट्ट्याच्या उंचीचं स्टूल, त्यावर पाट, पाटावर पितळेची लहान ताटली आणि एकच लाडू. खिडकी डावीकडे, हातभर अंतरावर. डाव्या अंगाला बेसनाचा कण न् कण दिसत होता, तुपाची बारीक चमक होती, वळताना तळव्याखाली राहून गेलेली एक चीरही दिसत होती. उजवं अंग मात्र जवळजवळ काळं. मग उजवीकडून थर्माकोलचा पांढरा तुकडा हळूहळू जवळ आणला. दोन फुटांवर काहीच फरक नाही. वीतभर अंतरावर आला तसा त्या काळ्यात खरपूस भाजलेल्या बेसनाचा रंग वर आला. चार बोटांवर आणला तेव्हा चीर पुसट झाली आणि लाडू पुन्हा चपटा दिसायला लागला. मी वीतभरावर थांबले. चकलीला एवढासुद्धा थर्माकोल लागत नाही. तिचे काटे सावलीतच उठून दिसतात, उलट कधी काळा कार्डपेपर उभा करून ती बाजू आणखी गडद करावी लागते.

खिडकीपासूनच्या अंतराला फार महत्त्व आहे. फूटभरावर सावलीच्या कडा मऊ असतात, पण उजेड पटकन विरतो. ताटातली पुढची करंजी पांढरीफटक आणि मागची अंधारात. एका लाडवाला हे शोभतं, पूर्ण भरलेल्या ताटाला नाही. ताट चार-पाच फूट मागे न्या, उजेड सगळीकडे सारखा मिळेल. तो मंद असेल आणि सावलीच्या कडा जरा कडक होतील, पण मोबाइल स्टँडवर असेल तर मंद उजेडाने काही बिघडत नाही.

आता ग्रिल. मुंबईत खिडकी म्हणजे ग्रिल आलीच. थेट ऊन आलं तर ताटावर गजांच्या सावल्या पडतात. ऊन नसलं तरी स्टीलच्या डब्यात आणि घासून लख्ख केलेल्या पितळेत ते गज स्पष्ट उमटतात, कारण अशी भांडी म्हणजे आरसेच. ग्रिलवर आतून ट्रेसिंग पेपर चिकटवा. अब्दुल रहमान स्ट्रीटला कागदाच्या कुठल्याही दुकानात मिळेल, फक्त जुना पिवळा पडलेला घेऊ नका. भांड्यात मग गजांऐवजी एक शांत पांढरा चौकोन दिसतो. काचा रंगीत असतील तर त्या सरकवून उघड्याच ठेवा. आणि फोटो काढताना पांढरे किंवा राखाडी कपडे घाला. लाल गाऊनची छटा डब्याच्या पोटावर सहज उतरते.

रंगाचा सगळ्यात मोठा त्रास मला एका पावसाळ्यात झाला, तो सविस्तर सांगते, कारण परळलाही हेच होणार. उकडीचे मोदक केळीच्या पानावर मांडले होते. वरून पांढरे मोदक निळे आणि खालच्या अंगाला पिवळसर. व्हाइट बॅलन्स (मोबाइलमधली रंग सुधारायची सेटिंग) बदलून निळेपणा काढला की पान पिवळं पडायचं. दोन दिवस मी मोबाइललाच दोष देत होते. मग खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं, तर वरच्या मजल्यावरच्यांनी पावसासाठी निळी ताडपत्री बांधली होती. आकाशाचा उजेड तिच्यातून गाळून येत होता आणि समोरच्या इमारतीची क्रीम रंगाची भिंत खालून आपला रंग टाकत होती. सगळा उजेड एकाच रंगाचा असता, तर पांढऱ्या कागदाचा एक फोटो आधी काढून त्यावरून रंग सुधारता आला असता. दोन दिशांनी दोन रंग येत असतील तर तो उपाय चालत नाही. खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागावर काळा कार्डपेपर लावला आणि मोदक लगेच सरळ झाले. उजेड निम्मा झाला, पण रंग एकच उरला. म्हणून मांडणीच्या आधी खिडकीशी उभं राहून बाहेर काय काय रंगाचं आहे ते बघा.

उत्तरेच्या खिडकीत कधीच ऊन येत नाही असं सर्रास सांगतात. मुंबईत ते अर्धंच खरं. आपण १९ अंश अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो-मावळतो पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला. म्हणजे त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन आत येऊ शकतं. तुम्हाला दिवाळीसाठी हवंय, तेव्हा काळजीच नाही. सूर्य दक्षिणेला कललेला असेल आणि तुमच्या खिडकीत दिवसभर नुसता आकाशाचा आणि समोरच्या भिंतीचा उजेड येईल. दहा ते दोनमध्ये काम उरका.

आणि एकच खिडकी आहे असं म्हणू नका. चाळीत सर्वात मोठी खिडकी म्हणजे दार. तुमचं दार दक्षिणेला गॅलरीत उघडतं. दिवाळीच्या सुमारास गॅलरीच्या फरशीवर ऊन पडतं आणि तिथून उसळून उबदार उजेड आत येतो. उंबऱ्यापासून तीन-चार फूट आत, जमिनीवर पाट मांडा आणि मागची खिडकी त्या वेळी बंद करा, नाहीतर पुन्हा दोन बाजूंचे दोन उजेड होतील. ऊन उंबरा ओलांडून आलं तर दाराला पातळ पांढरा पडदा लावा. गिरगावात मी अकरानंतर काढायचे, माणसं कामाला गेलेली असत. कोणी दारावरून गेलं की क्षणभर ताट काळवंडतं, तेवढं थांबायचं.

मोबाइलचं थोडक्यात. लाडवाच्या उजळ बाजूवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतील. मग बोट खाली सरकवून फोटो जरा गडद करा. दोन पावलं मागे जाऊन २एक्स झूमवर काढा, जवळून काढलेल्या फोटोत ताटाची पुढची कड फुगते. ३ सेकंदांचा टायमर लावा म्हणजे हात हलणार नाही.

रिंगलाइट विकून टाकू नका. रात्री ऑर्डर आली आणि फोटो हवाच असेल, तर रिंगलाइट मोबाइलच्या भोवतून काढून ताटाच्या डावीकडे दोन फुटांवर ठेवा आणि मध्ये ट्रेसिंग पेपरचा मोठा ताव टांगा. उजवीकडे वीतभरावर तोच थर्माकोल. खिडकीइतका सुंदर उजेड येणार नाही, पण लाडू गोल दिसेल.