‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ नंतर ‘लिव्ह’ की ‘लिव्हज’?

‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ हा कर्ता असताना क्रियापद ‘लिव्ह’ घ्यावे की ‘लिव्हज’, असा आपला प्रश्न आहे. ‘लिव्हज’ हेच बरोबर: ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्हज इन इंदोर’. येथे कर्ता ‘वन’ आहे. ‘ऑफ’नंतरचे अनेकवचनी नाम क्रियापदाच्या शेजारी येऊन बसले, तरी क्रियापदावर त्याचा अधिकार चालत नाही. ‘अलाँग विथ’ किंवा ‘अ‍ॅज वेल अ‍ॅज’ने जोडलेले नामही मोजायचे नसते, मात्र ‘आयदर–ऑर’मध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याचे वचन घेते.

आपल्याकडच्या मराठी घरांतील मुलांची खरी अडचण, माझ्या मते, वेगळीच असते. ‘आजोबा राजवाड्यावर गेले आहेत’ असे आदरार्थी अनेकवचनात बोलणारा मुलगा इंग्रजीतही ‘ग्रँडफादर हॅव गॉन’ लिहून मोकळा होतो, आणि इंदुरात कानांवर पडणारी हिंदीही आदरासाठी अनेकवचनच वापरत असल्याने त्याला त्यात काही खटकत नाही. इंग्रजीत आजोबांनाही ‘हॅज’च लागते. शिवाय ‘त्याने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली’ यांत मराठी क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, तसे इंग्रजी कर्तरी वाक्यात होत नाही. तेथे साध्या भूतकाळात ‘वॉज’ आणि ‘वेअर’ सोडल्यास सर्व कर्त्यांसाठी एकच रूप चालते.

‘वन ऑफ दोज हू’ अशी रचना असल्यास मात्र ‘हू’नंतरचे क्रियापद सामान्यतः अनेकवचनी येते.