बाद झालेलं मूल कुठे बसतं?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीवरची वाळवणं काढत होते, म्हणून नीट बोलता आलं नाही. शाळेत कामांची वाटणी झाली, पोषण आहार थोरल्या सरांकडे गेला, सांस्कृतिक बाईंकडे, आणि तू सगळ्यांत लहान म्हणून क्रीडा तुझ्या गळ्यात पडलं, हे ऐकून हसूच आलं. माझंही असंच झालं होतं. मला तर हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "बाई, शिट्टी वाजवता येते का?" येत नव्हती. रात्री घरी उशीत तोंड खुपसून सराव केला, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून.

तू म्हणालास, "बी.पी.एड. नाही, मी काय शिकवणार?" अरे, प्राथमिकला शारीरिक शिक्षणाची ती पदवी असलेलं माणूस सहसा नसतंच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिकवणाऱ्याची, तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीला, आणि तीही पट शंभराच्या वर असेल तर. खाली जो पाढे शिकवतो त्यानेच लंगडी शिकवायची. मला विचारशील तर ते बरंच आहे. कोण सकाळी नुसता चहा पिऊन आलंय, कोणाला पळालं की खोकला लागतो, कोणाच्या घरी काल भांडण झालंय, हे वर्गशिक्षकाला ठाऊक असतं.

बाकी तू बघून शिकशील. मला एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे. तासाला मैदानावर उभा राहिलास की जिंकणाऱ्याकडे बघायचं सोड. बसलंय कोण, ते बघ.

हे मला कळायला फार वर्षं लागली. माझ्या वर्गात एक मुलगी होती. अंगाने जरा जड, स्वभावाने गरीब. आमचा आवडता खेळ म्हणजे संगीत खुर्ची. खुर्च्या कुठल्या, फक्कीने काढलेली वर्तुळंच. ती पहिल्या नाही तर दुसऱ्या फेरीत बाद व्हायची आणि ध्वजाच्या ओट्यावर जाऊन बसायची. कधी तक्रार नाही. उलट पाणी आणून दे, दप्तरं सांभाळ, अशी कामं तीच करायची, आणि मला वाटायचं किती गुणी पोर. चौथीच्या शेवटी प्रगतिपुस्तक लिहिताना तिच्या मागच्या नोंदी चाळल्या. चारही वर्षं माझ्याच अक्षरात एकच ओळ होती: "खेळात आवडीने भाग घेते." मी पेन खाली ठेवलं. चार वर्षांत ती पोर मिळून किती मिनिटं पळाली असेल याचा हिशेब करायचं धाडस मला झालं नाही.

म्हणजे ज्याला हालचालीची सगळ्यांत जास्त गरज, तोच सगळ्यांत आधी बाद. खेळाची रचनाच तशी. आणि ती रचना मी निवडलेली.

पुढच्या वर्षी मी घड्याळ घेऊन उभी राहिले. तूही एकदा कर. समज, चाळीस मुलं, दोन रांगा, म्हणजे एका रांगेत वीस. खांबाला शिवून परत यायला एकाला वीस सेकंद. वीस मिनिटांत एका रांगेच्या साठ फेऱ्या होतात, वाट्याला येतात तीन. म्हणजे वीस मिनिटांच्या खेळात एक मूल पळतं एक मिनिट, आणि एकोणीस मिनिटं पुढच्याच्या शर्टाशी खेळत उभं असतं. मग मारामाऱ्या होतात आणि आपण म्हणतो, पोरांना शिस्त नाही! त्याच चाळिसांच्या पाचपाच जणांच्या आठ रांगा केल्या की वाट्याला बारा फेऱ्या, चार मिनिटं. काही नवीन आणावं लागत नाही, फक्की थोडी जास्त लागते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं, चांगला दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते. आपला तास अर्धाच, तोही रोज नाही. त्यातलं अर्धं रांगेत घालवलं तर काय उरलं?

आता गंमत बघ. बाद करून बसवणारे खेळ आपण मोठ्यांनी शाळेत फार आणले. पोरं आपली आपण खेळतात त्यांत यावर उपाय आधीच आहेत. विषामृतात ज्याला विष लागलं तो बसतो खरा, पण दुसऱ्याने येऊन अमृत दिलं की पुन्हा उठून पळतो. साखळीत पकडलेला बाहेर जात नाही, हात धरून साखळीतच येतो आणि आता त्यालाही पळायचंच असतं. माझ्या नोंदवहीत पुढे पुढे हे दोन खेळ इतक्या वेळा आले की केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या साहेबांनी, विचारलं, "बाई, दुसरं काही घेत नाही का?" संगीत खुर्चीही मी सोडली नाही, फक्त बाद होणाऱ्याने ओट्यावर न जाता मैदानाला एक लंगडीची फेरी घालून परत यायचं, असा नियम केला. कोण जिंकलं हे त्यात नीट ठरत नाही. पोरांना त्याचं काही वाटत नाही, एखाद्या पालकाला वाटतं.

आणि कच्चं लिंबू! हा शब्द ज्याने काढला त्याचा सत्कार करायला हवा. धाकटं भावंड खेळायला हटून बसलं की पोरं त्याला कच्चं लिंबू करतात. त्याला शिवलं तरी राज्य येत नाही, बाद होत नाही, पण पळतं सगळ्यांबरोबर. कुठल्याही प्रशिक्षणात सांगितलं नाही ते आठ वर्षांच्या पोरांनी आपसांत ठरवलेलं. तुझ्या वर्गात पायाने अधू मूल असेल, नजरेने कमी असेल, तर त्याला गुण लिहायला किंवा शिट्टी सांभाळायला बसवू नकोस. वर्गालाच विचार, "याला कसं घ्यायचं?" पोरं दोन मिनिटांत नियम काढतात. आमच्याकडे एका मुलाला पळता यायचं नाही, तर लगोरीत त्याच्यावर चेंडू लांबूनच मारायचा, असं त्यांनीच ठरवलं होतं. एक मात्र लक्षात ठेव. कच्चं लिंबू कायमचं ठेवायचं नसतं. काही दिवसांनी ते मूलच राज्य मागतं. मागितलं की द्यायचं, मग त्याला कोणी सापडो न सापडो.

गडी वाटण्याचंही तसंच. दोन नायक उभे करून "तू ये, तू ये" म्हणत निवडू देऊ नकोस. शेवटी उरलेल्या दोघांची तोंडं एकदा बघ म्हणजे कारण विचारणार नाहीस. जुनी रीत चांगली: साधारण सारख्या ताकदीच्या दोघांनी जोडी करायची, बाजूला जाऊन गुपचूप नावं घ्यायची, आंबा आणि चिंच, आणि नायकांनी नाव मागून घ्यायचं. गडी सारखे वाटले जातात आणि उरत कोणीच नाही.

आता स्पर्धांचं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्रातले. तेव्हा पारावर कोणीतरी म्हणणारच, "गुरुजी, यंदा आपली टीम तालुक्याला गेली पाहिजे." जाऊ दे की. मला स्पर्धांचा राग नाही, ढाल आली की मीही पेढे वाटलेत. पण केंद्राच्या स्पर्धा जवळ आल्या की महिनाभर दहाबारा पोरं मैदानावर आणि बाकीची कडेला टाळ्या वाजवायला, हे होऊ देऊ नकोस. संघाचा सराव शाळा भरण्याआधी. तास सगळ्या वर्गाचा.

खो-खो लहानांना शिकवताना मोठ्यांचं मैदान घेऊच नकोस. आठ बसलेले, एक धावणारा, समोरचे तीन पळणारे: बारांत हलतात चार. तिसरीला मी चार बसणारे, एक धावणारा, दोन पळणारे अशी सातजणांची छोटी मैदानं करायचे. खांबांच्या जागी वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या. पहिले चार दिवस एकच काम, उकिडवं बसून पाठीला हात लागला आणि "खो" ऐकू आलं की ताडकन उठायचं. खो मिळायच्या आधी उठायचं नाही, हे जमायलाच आठवडा जातो. मधली पाटी ओलांडायची नाही, हा नियम त्यानंतर. सगळे नियम पहिल्या दिवशी सांगशील तर पोरं नियमांवरच भांडतील.

लंगडी दोन्ही पायांवर घ्यायची. एकाच पायाची सवय झालेली मुलं चौथीत दुसऱ्या पायावर चार उड्यांत कोलमडतात. पहिली-दुसरीला चेंडू कापडी. चिंध्या भरून शिवलेला चेंडू तोंडावर बसला तरी दुखत नाही, आणि दुखत नाही हे कळलं की मूल झेल घेताना डोळे मिटायचं थांबतं. रबरी चेंडू त्यानंतर.

काही बारीकसारीक. खेळ वर्गातच समजावून सांग, बाहेर गेल्यावर कोणी ऐकत नाही. मैदानावर उन्हाकडे तोंड तुझं असू दे, पोरांचं नको. पावसाळा संपला की सराटे होतात आणि निम्मी पोरं अनवाणी असतात, तेव्हा आधी पाच मिनिटं सगळ्यांनी मिळून खडे-काटे वेचायचे. खिचडीनंतर लगेच पळापळ नको, तेव्हा लेझीम घे, तीही हळू. लेझीमवर माझा जीव आहे. तिच्यात कोणी बाद होत नाही, आणि शर्यतीत शेवटचा येणारा पोरगा ठेक्यात पहिला निघालेला मी पाहिलाय. पाय मुरगळला तर चोळायचा नाही, गार पाण्याची घडी ठेवायची. डोकं आपटलं आणि मूल ओकलं किंवा पेंगायला लागलं तर "बघू थोड्या वेळाने" म्हणायचं नाही, दवाखाना.

आणि मुली. त्या आपणहून कडेला सरकतात, कारण घरून तसंच सांगितलेलं असतं. पाणी, दप्तर, झाडलोट ही कामं त्यांच्याकडे आपोआप जातात. त्या कामांची पाळी लाव, मुलगे-मुली सगळ्यांची.

दोन गोष्टींवर मात्र मी तुझ्यावर रागावेन. गणित राहिलं म्हणून खेळाचा तास घेतलास तर, आणि शिक्षा म्हणून पोरांना पळवलंस किंवा उठाबशा काढायला लावल्यास तर. शारीरिक शिक्षेला कायद्याची बंदी आहेच. पण कायदा राहू दे बाजूला. ज्या पळण्याची गोडी लावायची, तेच पळणं शिक्षा म्हणून दिलं तर ते पोर मोठेपणी कशाला पळेल?

वर्णनात्मक नोंदींचा तू वैताग केलास. मुलं जास्त, वेळ नाही, हे खरं. पण रोज फक्त पाच मुलं बघ. आठवड्यात पंचवीस-तीस होतात. आणि दिसलं तेवढंच लिही. "डाव्या पायावर सात लंगड्या, मग तोल जातो." "झेल छातीशी घेतो, हाताने अजून नाही." "हरल्यावर रडला, पण पुढच्या डावात आला." "आवडीने भाग घेतो" हे वाक्य मी तुला बंद केलंय असं समज.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की इकडे येऊन जा. जेवायलाच ये. जुन्या साड्यांचे बावीस कापडी चेंडू शिवून ठेवलेत, अठरा चांगले आहेत, चार जरा वेडेवाकडे झालेत. सुतळीचा एक मोठा गुंडाही आहे, मैदान आखायला. पिशवी मात्र तुझी आण, माझ्याकडच्या सगळ्या फाटक्या आहेत.

तुझ्या,
बाई