तिसऱ्या चाकासाठी पोस्टातले सात लाख मोडावेत का?

काका, नमस्कार.

तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही पुढचा हिशेब लागेल. तुमचं वय ६१. महावितरणमधून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालात. घर गुहागर तालुक्यात, नारळ-सुपारीची वाडी आणि हापूसची थोडी कलमं. निवृत्तीच्या पैशातून २०२३ मध्ये रॉयल एनफिल्डची सुपर मिटिऑर ६५० घेतलीत आणि काकूंना मागे बसवून थेट कन्याकुमारी गाठलीत. आता डावा गुडघा झिजलाय. उभी करताना गाडी दोनदा कलंडली, एकदा काकूंचा पाय थोडक्यात वाचला. घाटमाथ्यावरच्या एका वर्कशॉपने सुचवलंय की मागचं चाक काढून तिथे डिफरन्शियलसकट (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) रुंद ॲक्सल आणि दोन चाकं असं किट बसवू, म्हणजे गाडी तीनचाकी ट्राइक होईल. कोटेशन ६ लाख ४० हजारांचं, निम्मे पैसे आगाऊ. त्यासाठी पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतलं ७ लाखांचं खातं मोडायचा विचार आहे. "कर्ज काढत नाही, पैसे माझेच आहेत, मग हरकत काय?" असं तुम्ही विचारलंय. आणि पत्राच्या तळाशी वेगळ्या शाईत काकूंच्या दोन ओळी आहेत: "मला मागे बसायला आवडतं. पण हे पैसे गेले तर पुढचं काय, ते यांना तुम्हीच सांगा."

माझं उत्तर: या किटसाठी पैसे देऊ नका. आगाऊ रक्कम तर मुळीच देऊ नका. कारणं सविस्तर सांगतो, कारण नुसत्या 'नाही'ने तुमचं समाधान होणार नाही आणि होऊही नये.

पैशांपासून सुरुवात करू. तुमच्या दोन खात्यांत मिळून २५ लाख आहेत, एकात १८ आणि दुसऱ्यात ७. व्याज ८.२ टक्के, म्हणजे वर्षाला २ लाख ५ हजार. ईपीएस पेन्शन (भविष्य निर्वाह निधी खात्याची) महिना ३,४००, वर्षाचे ४०,८००. वाडी चांगल्या वर्षी खर्च वजा जाता १ लाख ८० हजार देते. एकूण ४ लाख २५ हजार ८००. घरखर्च आणि आरोग्य विम्याचा हप्ता मिळून साडेतीन लाख. हाती उरतात ७५,८००. आता वाईट वर्ष धरा. मोहोर गळाला, अवकाळी पडला, वाडीने ८० हजारच दिले, तर वर्षाला २४,२०० ची तूट येते. ती तुम्ही ३ लाखांच्या बँक एफडीतून भागवू शकता, म्हणून आजची घडी ठीक आहे.

सात लाखांचं खातं मोडलंत की वर्षाचे ५७,४०० व्याज जातं. चांगल्या वर्षीची शिल्लक १८,४०० वर येते आणि वाईट वर्षीची तूट ८१,६०० वर जाते. अशी वर्षं लागोपाठ आली तर एफडी चार वर्षंही पुरणार नाही. कोकणात वाडी असलेल्या माणसाला लागोपाठ वाईट वर्षं म्हणजे काय हे मी सांगायला नको. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. उन्मळून पडलेल्या सुपारीच्या जागी लावलेलं रोप हाताशी यायला कितीतरी वर्षं जातात आणि तोवर घर व्याजावरच चालतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली असावी. कोटेशनचा जो फोटो पाठवलात त्याच्या तळाशी 'जीएसटी वेगळा' असं लिहिलंय. १८ टक्क्यांनी १ लाख १५ हजार २०० होतात, म्हणजे बिल ७ लाख ५५ हजार २०० चं. खातं उघडून दोन वर्षं झाल्यामुळे मुदतीआधी बंद करताना मुद्दलातून १ टक्का, म्हणजे ७ हजार कापले जातील आणि हातात ६ लाख ९३ हजार येतील. बिलाला ६२ हजार कमीच पडतात. ते एफडीतून जाणार. आणि हे सगळं ज्या गाडीवर चढवायचं, तिची आजची किंमत तुम्हीच पावणेतीन लाख लिहिली आहे.

तरीही, नुसता एवढाच प्रश्न असता तर मी कदाचित वेगळं बोललो असतो. माणसाने आयुष्यभर लोकांच्या घरात वीज पोचवली, खांबावर चढला, पावसात फॉल्ट शोधत फिरला. त्याने साठीनंतर हौसेला पैसे घातले तर मी आडवा येत नाही. वाडीच्या शिलकीतून तीन-चार वर्षांत बाजूला टाका असं सांगून मार्ग काढला असता. माझी खरी काळजी कागदांची आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील आणि उत्पादकाने दिलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. सीएनजीसारख्या इंधनबदलाला मुभा आहे, पण दुचाकीची तीनचाकी करणं म्हणजे वाहनाचा प्रकारच बदलणं. परवानगीविना बदल केला तर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वर्कशॉपवाले म्हणतात, "पासिंगचं आम्ही बघतो." काका, कोटेशनवर ते वाक्य कुठेच नाही. नोंदणी एमएच-०८ ची आहे, उद्या रत्नागिरीच्या आरटीओत उभं राहायचंय तुम्हाला, त्यांना नाही.

दंड तर किरकोळ आहे. त्याहून मोठी गोष्ट विम्याची. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चढलं तेव्हा गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि त्यानंतर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, पॉलिसी कुठली आणि कागद जागेवर आहेत का? न कळवता बदललेल्या गाडीचा ओन डॅमेज दावा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, कंपनी नाकारू शकते. म्हणजे बिलाचे साडेसात लाख आणि गाडीचे पावणेतीन, असे सव्वादहा लाख पहिल्याच दिवसापासून विम्याविना रस्त्यावर असतील.

आणि समजा अपघातात दुसरं कुणी सापडलं तर? मृत्यू किंवा दुखापतीबद्दल थर्ड पार्टी भरपाईला आपल्याकडे वरची मर्यादा नाही. गेलेल्या माणसाचं वय आणि कमाई पाहून न्यायाधिकरण रक्कम ठरवतं, ती पन्नास लाखांवरही जाऊ शकते. पॉलिसीच्या अटी मोडल्या असतील तर न्यायालयं बरेचदा कंपनीला आधी पीडिताचे पैसे द्यायला लावतात आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. तुमच्याकडून वसूल करायचं म्हणजे उरलेले १८ लाख, वाडी आणि घर. तुम्ही सात लाखांचा प्रश्न विचारलात, पण पणाला लागतंय ते हे सगळं, आणि काकूंच्या दोन ओळींत मला हीच भीती दिसते.

आता गाडीबद्दल. मी मेकॅनिक नाही, पण पैसे कशासाठी चाललेत हे पाहणं माझं काम आहे. तुमची अडचण आहे ती थांबलेल्या गाडीचं २४१ किलो वजन डाव्या पायावर पेलण्याची. तिसरं चाक तेवढं सोडवेल. पण गिअर डाव्या पायानेच टाकायचा आहे, म्हणजे तोच गुडघा दर गिअरला वर-खाली होत राहणार. शिवाय ॲक्सल आणि दोन चाकांनी गाडी आणखी जड होईल. सुपर मिटिऑरला रिव्हर्स गिअर नाही आणि कोटेशनमध्येही त्याचा उल्लेख नाही. अंगणातून अशी गाडी मागे ढकलायला दुखऱ्या गुडघ्यालाच जोर लावावा लागेल.

अमेरिकेत हा धंदा जुना आहे. तिकडे होंडा गोल्डविंगसारख्या मोठ्या टूरिंग गाड्यांसाठी त्या त्या मॉडेलची किट मिळतात आणि हार्ले-डेव्हिडसन तर २००९ च्या मॉडेलपासून ट्राय ग्लाइड ही तीनचाकी कारखान्यातूनच देते. तिथल्या चालकांना पहिल्यांदा शिकवतात ते हे की ट्राइक वळणावर झुकत नाही. दुचाकी आपण नकळत कलवून वळवतो. ट्राइकचं हँडल जोर लावून वळवावं लागतं आणि अंग बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. हँडलचा तो जडपणा कमी करण्यासाठी चांगल्या किटमध्ये पुढच्या फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा, कोनही बदलतात. तुमच्या कोटेशनमध्ये पुढच्या भागाबद्दल एक अक्षर नाही. वर्कशॉपमधून गाडी घेऊन तुम्ही पहिल्यांदा उतरणार तो कुंभार्ली घाट, आणि मागे काकू. दुसरा धोका सवयीचा. थांबताना पाय खाली टेकण्याची चाळीस वर्षांची सवय तुम्हाला आहे, आणि ट्राइकवर तोच पाय मागच्या चाकाखाली येतो.

रस्त्यांचंही बघा. दुचाकीची चाकोरी एकच, खड्डा चुकवून निघता येतं. ट्राइकच्या तीन चाकोऱ्या. पुढचं चाक वाचवलं तर मागचं एक आपटणारच. महामार्गाची आपल्या पट्ट्यातली अवस्था तुम्ही माझ्याहून जास्त अनुभवली आहे. तुमच्या घराकडे येणारी दोन जांभ्याच्या गडग्यांमधली वाटही एकदा टेपने मोजा.

मग करायचं काय? सगळ्यात आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पत्रात तुम्ही दोनदा 'नंतर बघू' लिहिलंय; ते नंतरचं आधी आणा. गुडघा औषध-व्यायामावर राहणार की बदलावा लागणार, बदलल्यावर जड गाडी चालवू देतील का, हे कळेपर्यंत गाडीचा कुठलाच निर्णय पक्का होत नाही. आरोग्य विम्याची पॉलिसी काढून त्यात सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला किती वर्षांचा प्रतीक्षाकाळ आहे तेही वाचा. तो संपायचा असेल आणि डॉक्टर थांबू देत असतील, तर थांबण्याने काही लाख वाचू शकतात. नसेल तर ३ लाखांची ती एफडी त्यासाठीही आहे, म्हणून गाडीसाठी तिला हात लावू नका.

डॉक्टरांच्या मते हालचालीचं अपंगत्व कायमचं असेल आणि सरकारी तपासणीत ते ४० टक्के किंवा जास्त निघालं, तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करा. कायद्यात दिव्यांग व्यक्तीसाठी वाहन अनुकूल करून घ्यायची सोय आहे, नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीने. लायसन्समध्येही अशा वाहनाचा वेगळा वर्ग आहे. आरसीवर तशी नोंद झाली की विमाही रीतसर निघतो. मात्र असं वाहन फक्त त्या व्यक्तीच्या वापरासाठीच असतं, मुलाने पुण्याहून येऊन फेरफटका मारायचा नाही. त्या वाटेने जायचं झालं तरी मी सुपर मिटिऑर सुचवणार नाही. बिनगिअरच्या स्कूटरला दोन्ही बाजूंनी जोडचाकं लावून मिळतात, आपल्याकडे दिव्यांग मंडळी वर्षानुवर्षं त्या वापरतात, मेकॅनिकला आणि आरटीओला त्या ओळखीच्या आहेत, आणि खर्च तुमच्या कोटेशनच्या आसपासही जात नाही.

आणि अपंगत्वाचा प्रश्नच नसेल, नुसतं वजन पेलत नसेल, तर ११० सीसीची स्कूटर साधारण १०५ किलोची असते. तुमच्या गाडीच्या निम्म्याहून कमी, गिअर नाही, पाय दोन्ही बाजूंना सपाट टेकतात. पावणेतीन लाखांना गाडी गेली आणि लाखभरात स्कूटर आली, तर पावणेदोन लाख उरतात. ते वेगळ्या एफडीत ठेवा आणि त्यावर 'प्रवास' असं लिहून ठेवा. वर्षाला ४० हजार काढलेत तरी चार वर्षं तुम्ही दोघं फिराल, आणि पोस्टाच्या खात्याला धक्का लागणार नाही. स्कूटरवर कन्याकुमारी होणार नाही हे मला कळतं. पण धोपाव्याच्या जेटीवर फेरीबोटीत गाडी चढवून दाभोळ, तिथून किनाऱ्याने हर्णै आणि आंजर्ले. किंवा तवसाळहून खाडी ओलांडून जयगड, पुढे गणपतीपुळे. मुक्काम करत, उन्हं उतरल्यावर निघत. काकूंना मागे बसायला आवडतं ते तिथेही तसंच राहील.

सुपर मिटिऑर विकायची घाई नको. डॉक्टरांचं काय ते कळेपर्यंत घरीच राहू दे, पण खाऱ्या वाऱ्यापासून झाकून, आणि विमा चुकवू नका. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर हो म्हणाले तर ती दोन चाकांवर आहे तशीच तुमची वाट बघत असेल. तीनचाकी करून बसलात तर तिला परत पहिल्यासारखी करायलाही पैसे मोजावे लागतील.

वर्कशॉपला उद्या फोन करून एवढंच सांगा की आरटीओची लेखी मंजुरी आधी, पैसे नंतर. ते काय म्हणतात आणि डॉक्टर काय म्हणतात, दोन्ही मला कळवा. त्या पत्रातही काकूंना तळाशी दोन ओळी लिहायला सांगा.